हळदकुंकवाचा आय सेव्हन

चालू असलेल्या वस्तूच्या आत काय आहे, हे कधी विचारू नये. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढून, त्यातली शेवटची अकरा मुख्य लिपिकाच्या खुर्चीवर, मी एवढं एकच ज्ञान घेऊन बाहेर पडलो. चालू फाइल उघडली की त्रुटी निघते, त्रुटी निघाली की पत्र निघतं, आणि पत्राचं उत्तर आलं की ज्याने फाइल उघडली त्याच्याच गळ्यात ते काम पडतं. आमच्या कचेरीत वीस वीस वर्षं सुरळीत चाललेल्या फाइली होत्या, कारण कुणी त्या उघडल्याच नव्हत्या. असा मी, आणि मीच यंदा स्वतःच्या घरातला, उत्तम चालणारा कंप्युटर आतून कसा आहे ते बघायला गेलो.

निमित्त झालं धोंड्याचं. यंदा ज्येष्ठ अधिक आला. वर्ध्यात एक ज्येष्ठ काढता काढता माणूस अर्धा होतो, आणि पंचांगवाल्यांनी यंदा दोन दिले. त्यात सुरभीच्या, म्हणजे आमच्या एकुलत्या एक मुलीच्या, लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना. म्हणजे जावयाला बोलावणं आलं, पुरणाचे धोंडे आले, तेहतीस अनारसे आले, आणि चार लोकांत नाव घेता येईल अशी एखादी वस्तूही आली.

जावई आमचे रोशनराव. देवळीला वडिलांसोबत कृषी केंद्र चालवतात. बियाणं, खत, फवारणीची औषधं. मुलगा सज्जन आहे. लग्नाच्या बायोडाट्यात लिहिलं होतं, ‘निर्व्यसनी, मनमिळाऊ, उंची पाच फूट आठ इंच’, आणि तसाच तो निघाला. लग्नाच्या अल्बममध्ये मात्र तो आणि मी शेजारी उभे आहोत तिथे दोघं सारखेच दिसतो. मी पाच फूट सहा इंच. फोटोवाल्याने कॅमेरा तिरपा धरला असणार, असं मी तेव्हाच कोकिळेला म्हटलं होतं. कोकिळा माझी बायको. तिने अल्बमचं पान उलटलं होतं.

बोलावणं करायला मी देवळीला फोन लावला. स्पीकर चालू होता, कारण आमच्या घरी खासगी असं काही नसतं.

“मामाजी, मले काई नका देऊ,” रोशनराव म्हणाले. “इथं दुकानातला कंप्युटर बसला हाय, त्याच्यातच डोक्याचं भजं होऊन राह्यलं.”

आता इथे गप्प बसणारा माणूस शहाणा. मी म्हणालो, “मग आमचाच घेऊन जा! मला निवृत्तीनंतर काय करायचाय? साधासुधा नाही, आय सेव्हन आहे.”

पलीकडून सुरभीचा आवाज आला, “बाबा, राहू द्या ना.” कोकिळा माझ्याकडे बघत म्हणाली, “अहो, चांदीचं निरांजन देऊ ना आपण.” मला वाटलं, माझ्या मनाचा मोठेपणा बघून दोघींचा ऊर भरून आला. बायकामुलींचं आपल्याविषयी काय मत आहे याचा अंदाज बांधण्यात माझी बत्तीस वर्षांची नोकरी काही कामाची नव्हती.

तेवढ्यात फोनवर तिसरा आवाज आला. तो आमचे व्याही डोमाजी यांचा. “इवाई, आय सेव्हन म्हंजे काय असते मले नाई समजत. आत काय काय हाय थे लिवून धाडा.”

डोमाजींविषयी थोडं सांगायला हवं. खताचं पोतं दुकानात उतरलं की ते आधी चष्मा लावून पोत्याची मागची बाजू वाचतात. नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती. मग पोतं आत जातं. लग्न जमलं तेव्हा आमच्याकडच्या रीतीप्रमाणे याद झाली, म्हणजे देण्याघेण्याची यादी कागदावर लिहून, चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावून, दोन्हीकडच्यांनी सह्या केल्या. लग्नाच्या दिवशी मांडवात तीच याद हातात धरून या गृहस्थांनी पाणी भरायचा तांब्याचा गुंड बोटाने वाजवून पाहिला होता. टण्ण आवाज आला तेव्हा म्हणाले, “बराबर हाय.” त्यांच्या तोंडून “बराबर” ऐकेपर्यंत मी अक्षतांची मूठ उघडली नव्हती.

म्हणून मी कंप्युटरचीही रीतसर यादच केली. कोरा कागद, निळी शाई, माझं वळणदार अक्षर. ‘चिरंजीव रोशनराव यांस अधिकमासानिमित्त सप्रेम. कंप्युटर नग एक, आय सेव्हन. मेमरी सोळा जीबी. साठवण एक टीबी. ग्राफिक कार्ड स्वतंत्र.’ पैकी आय सेव्हन मी डब्याच्या तोंडावरच्या निळ्या चकचकीत स्टिकरवरून घेतलं. बाकीचं आठ वर्षांपूर्वी दुकानदाराने तोंडी सांगितलेलं मला पाठ होतं. चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, खाली ‘वासुदेवराव’ अशी सही ठोकली आणि फोटो काढून देवळीला पाठवला. दोन निळ्या रेघा उमटल्या. डोमाजींचं उत्तर आलं: ‘छान. लॅमिनेशन करून घेतो.’

वस्तू तपासण्याच्या आधी कागदावर सही करणं ही चूक माझ्या हाताखालच्या कुणी केली असती, तर मी त्याला सबंध कचेरीसमोर उभा केला असता.

दुसऱ्या दिवशी नीलेश आला. आमच्या मागच्या गल्लीत तो कंप्युटरचे क्लास घेतो. चाळिशीचा आहे, पण ज्ञानाच्या भाराने साठीचा वाटतो. याद वाचून म्हणाला, “काका, नुस्तं आय सेव्हन लिहून नाई चालत. मॉडेल नंबर पाह्यजे. फुकटात टूल भेटते, आतलं सगळं सांगते.”

फुकट म्हटल्यावर मी त्याच्यासाठी थांबलो नाही. तो घरी जेवायला गेला तेवढ्यात मी स्वतःच शोधलं आणि दिसेल त्या पहिल्या हिरव्या बटणावर विश्वास ठेवला. त्यातून कंप्युटरच्या आतली माहिती आली नाही. एक पोपट आला. तो पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात बसला आणि पंख फडफडवून हिंदीत म्हणाला, “आज कड़ी धूप है!” सेहेचाळीस अंशांत हे सांगायला पोपटाची गरज नव्हती. पण तो काही केल्या जाईना. नीलेशनेही हात टेकले. शेवटी तो घरचाच झाला.

मग नीलेशने योग्य जागेवरून सीपीयू-झेड नावाचं टूल उतरवलं. इवलंसं. उघडल्याबरोबर त्याने कुठलीही भीडभाड न ठेवता सांगून टाकलं. प्रोसेसर: सेलेरॉन. कोर: दोन. मेमरी: चार जीबी. ग्राफिकच्या रकान्यात जे होतं ते प्रोसेसरच्याच पोटातलं, स्वतंत्र संसार काही नव्हता. आणि बोर्डाच्या क्रमांकाच्या जागी इंग्रजीत लिहिलं होतं, ‘ओ.ई.एम. यांनी भरावयाचे’.

“हे ओ.ई.एम. कोण?” मी विचारलं.

“बनवनारी कंपनी, काका. त्याइनं हा रकाना भराचा असते. राहून गेला.”

मला त्या परिस्थितीतही थोडं बरं वाटलं. म्हणजे तिकडे परदेशी कारखान्यातही टेबलावर आमच्यासारखीच माणसं बसतात.

“पण सेलेरॉन म्हणजे आय सेव्हनच्या किती खाली?”

 नीलेशने आधी टोपी काढली, घाम पुसला, आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. हा प्रकार मी फक्त मयतीला पाहिलेला आहे.

 माझ्या नाकाचं जाऊ द्या. मुख्य लिपिकाचं नाक कापून कापून गुळगुळीत झालेलं असतं. पण देवळीत दुकानाच्या काउंटरवर ती लॅमिनेशन केलेली याद आणि शेजारी हा सेलेरॉन. डोमाजी तोंडाने काही म्हणणार नाहीत, नुसते चष्म्यावरून बघतील. आणि ते बघणं माझ्या सुरभीला पुढची चाळीस वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ वाढलं जाईल, भाताबरोबर. या विचाराने मला खरोखर झोप लागेना.

बातमी गल्लीत पसरायला अर्धा तास लागला. वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या सिंदी मेघेत तेवढाच लागतो. पहिले आले गोपालराव. वीज खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन, जगातल्या सगळ्या दुःखांचं कारण व्होल्टेज मानणारे. “वासुदेवराव, उन्हाळ्यात सगळीकडचे कूलर चालू असते. व्होल्टेज कमी येते. कमी व्होल्टेजमधी आय सेव्हन पुरा दिसनच कसा? पहाटे पाच वाजता चेक करा, पूर्ण दाब असते तेव्हा.”

मला हे पटलं. बुडत्या माणसाला सगळंच पटतं. पहाटे पाचला उठून, आंघोळ करून, मी टूल उघडलं. सेलेरॉन. पोपट म्हणाला, “सुप्रभात!”

मग आल्या शकुंतलाबाई, समोरच्या घरच्या. त्या इस्पितळात परिचारिका होत्या. “एकाच डॉक्टरच्या रिपोर्टवर काऊन विश्वास ठेवता? दुसरीकडं दाखवा.” म्हणून नीलेशने दुसरं फुकट टूल टाकलं. हे भलतंच बोलघेवडं होतं. पंखा किती फेरे घेतो इथपासून सगळं सांगायचं. प्रोसेसरबद्दल त्याचंही मत सेलेरॉनच पडलं, पण त्याने एक नवी गोष्ट सांगितली. तापमान: ब्याण्णव अंश.

शकुंतलाबाईंनी डब्याला हाताची उलटी बाजू लावून पाहिली. “अवं माय! याले ताप हाय. ताप असल्यावर कोनी बराबर बोलते का? आधी ताप उतरवा, मंग विचारा.”

कोकिळा बैठकीतल्या कूलरपुढे जेवणाचं पान घेऊन बसली होती. तो कूलर तिच्यासमोरून ओढून मी कंप्युटरसमोर लावला. शकुंतलाबाईंनी ओल्या फडक्याची घडी डब्याच्या माथ्यावर ठेवली आणि दर दहा मिनिटांनी बदलली. नीलेश “काका, पानी, पानी!” म्हणून ओरडत होता, पण परिचारिकेपुढे क्लासवाल्याचं काय चालतं? तापमान ब्याण्णवचं चौऱ्याण्णव झालं. त्या ओल्या फडक्यासारखा माझा विश्वासही आता जरा सैल झाला.

शेवटी डबा उघडायचं ठरलं. स्क्रू काढून झाकण बाजूला केलं आणि आम्ही सगळे वाकून बघू लागलो. आत देवघर होतं. आठ वर्षं दर खंडेनवमीला कोकिळेने या यंत्राची मनोभावे पूजा केली होती, आणि प्रत्येक पूजेचा प्रसाद जाळीतून आत गेला होता. कुंकवाचा थर, हळदीचा थर, पंख्याच्या पात्यांत अडकलेल्या अक्षता, वाळून चुरा झालेली आपट्याची पानं, झेंडूच्या पाकळ्या. नारळाचं पाणीही कधीतरी गेलं असावं, कारण तळाशी सगळ्याचा मिळून एक लाडू झाला होता. आणि पंख्याला लाल दोरा गुंडाळलेला.

“हा कुणी बांधला?”

“सुरभीची परीक्षा होती तेव्हा मीच बांधला होता,” कोकिळा म्हणाली. “पहिल्या वर्गात पास झाली ना?”

 झाली होती खरी.

नीलेशने रंगकामाचा ब्रश आणून सगळं साफ केलं. निर्माल्य म्हणून कोकिळेने ते तुळशीत घातलं. डबा बंद करून चालू केला. तापमान चोपन्न अंश. पंखा कित्येक वर्षांनी मोकळेपणी फिरला. शकुंतलाबाईंनी टाळी वाजवली. टूल उघडलं. सेलेरॉन. ताप उतरला होता, शुद्ध आली होती, आणि शुद्धीवर आलेल्या माणसाने तीच जबानी पुन्हा दिली. विंडोजच्या पोटातही आतली माहिती सांगणारं एक घरचं टूल असतं म्हणे. त्याला विचारलं, तेही तेच बोललं. तीन साक्षीदार फुकटचे, पण एकही फुटेना.

तेव्हा मी शस्त्र काढलं. माझं शस्त्र म्हणजे अर्ज. दुकानदार कधीच गाशा गुंडाळून गेला होता आणि त्या गाळ्यात आता एकजण मोमो विकत होता, पण बिल माझ्याकडे होतं. माझ्याकडे पहिलीतल्या फीची पावतीसुद्धा आहे. बिल, टूलच्या पडद्याचा छापील फोटो आणि दोन पानी तक्रार घेऊन मी एका कचेरीत गेलो. कुठली ते सांगत नाही. तिथे टेबलावर नेमकी अन्नपूर्णा बसली होती. सोळा वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली आवक-जावक शिकलेली मुलगी. तिने उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, चहा मागवला, आणि माझा अर्ज वाचायला घेतला.

“सर, आतमधी सेलेरॉन हाय हा अहवाल कोनं देला?”

“टूलने.”

“टूलची फी भरल्याची पावती?”

“अगं, फुकट असतं ते.”

“मंग ग्राह्य नाई धरता येत, सर.” ती अतिशय आदराने म्हणाली. “फुकटच्या कागदाले आवक नंबर देऊ नाई, हे मी तुमच्यापासूनच शिकली. आन अहवालावर सक्षम अधिकाऱ्याची सही पाह्यजे. इथं तं बोर्डाचा नंबरच नाई. ‘ओ.ई.एम. यांनी भरावयाचे’ लिहिलं हाय. त्याइच्याकडून भरून आना ना आधी.”

मी बिल पुढे सरकवलं. तिने ते लिपिकाने वाचायला हवं तसं, म्हणजे तळापासून वर वाचलं. मग एका ओळीवर बोट ठेवलं. ‘कंप्युटर संच नग एक. सोबत आय सेव्हन स्टिकर नग एक.’

“सर, स्टिकर भेटलं होतं ना तुमाले?”

“मिळालं होतं.”

“मंग तक्रार कायची?”

 इतकं निर्दोष काम मी स्वतः कधी केलं नव्हतं. आठ वर्षं तो कागद माझ्या कपाटात होता, मी त्याला दोनदा नवीन फाइलही केली होती, आणि वाचला एकदाही नव्हता. चहा पिऊन मी बाहेर पडलो. उन्हात उभं राहून मला पहिल्यांदा स्वतःची मनापासून लाज वाटली.

खरं सांगून टाकावं, असं तेव्हा मनात आलं होतं. मी फोनही काढला. पण डोमाजींचा डीपी दिसला. डीपीवर त्यांनी माझी याद लावली होती.

म्हणून मग मी ते केलं जे बत्तीस वर्षांत कधी केलं नव्हतं. निदान पकडला गेलो नव्हतो. नीलेशने सांगितलं, की विंडोजच्या आतल्या नोंदवहीत जाऊन प्रोसेसरच्या नावाची नोंद बदलता येते. मग माहितीच्या पानावर आपण लिहू तेच नाव दिसतं. “पन काका, कंप्युटर बंद करून चालू केला का जुनं नाव परत येते. आन सीपीयू-झेडसारखं टूल तं नोंद पाहतच नाई, सिध्दं चिपलेच विचारते.”

“देवळीवाल्यांना कुठलं टूल माहीत असणार?” मी म्हणालो. नोंद बदलली. पडद्यावर आय सेव्हन झळकलं. त्या क्षणापासून तीन दिवस मी तो कंप्युटर बंद होऊ दिला नाही. स्विचला चिकटपट्टी लावली. लाइन जाणार नाही अशी गोपालरावांनी स्वतः हमी घेतली. तीस वर्षं खात्यात होते, ओळखी होत्या.

कोकिळा अनारसे तळता तळता एवढंच म्हणाली, “आन देवळीले नेतांना? जावई काय मांडीवर इन्व्हर्टर घेऊन बसतीन?” या मुद्द्याचा मी विचार केला नव्हता.

धोंड्याचा दिवस उजाडला. अकराच्या सुमारास रोशनराव, सुरभी आणि डोमाजी आले. डोमाजींच्या एका हातात लॅमिनेशन केलेली याद होती, आणि शर्टच्या खिशाला पेनाशेजारी एक पेन ड्राइव्ह टांगलेला. “कंपनीच्या मानसानं देला,” ते मला कौतुकाने दाखवत म्हणाले. “आत टूल हाय म्हने. कोनत्याबी कंप्युटरले लावा, पोत्यावानी मागची बाजू वाचून दाखोते. इन्स्टॉल करा लागत नाई. फुकट हाय.”

माझे पाय गार पडले. सेहेचाळीस अंशांत.

कोकिळेने पाट मांडला. रोशनरावांनी जोडे काढायला जरा वेळ लावला. नेहमीच लावतात, जाड तळव्यांचे भारी जोडे घालतात ते, अगदी मे महिन्यातही. पाटावर बसवून त्यांना आणि सुरभीला ओवाळलं, अनारशांचं ताट पुढे केलं. ओवाळून झालं आणि लाइन गेली. कूलर थांबला, पंखा थांबला, आणि आतल्या खोलीतून माझा आय सेव्हन विझल्याचा बारीक आवाज मी ऐकला. गोपालराव दाराशीच उभे होते. “माझ्या टायमाले असं नव्हतं,” एवढं बोलून ते घरी गेले.

वीस मिनिटांनी लाइन आली. तोवर डोमाजी आतल्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसले होते. त्यांनी चष्मा लावला, बटण दाबलं, पेन ड्राइव्ह खोचला आणि याद मांडीवर ठेवली. मग बोट आधी यादीवर, मग पडद्यावर, मग पुन्हा यादीवर. एकेक ओळ. बैठकीत उभा राहून मला दारातून सगळं दिसत होतं. त्यांचं बोट पहिल्याच ओळीवर थांबलं. ते पडद्याजवळ सरकले. चष्मा काढून पुसला. परत लावला.

नेमकं तेव्हा, सकाळपासून फोटो काढायला आलेला नीलेश म्हणाला, “काका, जावयासंग एक फोटो होऊन जाऊ द्या.” रोशनराव पाटावरून उठून माझ्या शेजारी उभे राहिले. अनवाणी. मी घाबरून त्यांच्याकडे वळलो, क्षमा मागण्याचं वाक्य मनात जुळवत, आणि माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा चेहरा आला नाही. त्यांच्या डोक्यातला भोवरा आला. वरून. पूर्ण.

मी पाच फूट सहा. मी एकदा भोवऱ्याकडे पाहिलं, एकदा त्या उघड्या पायांकडे, आणि एकदा उंबऱ्याजवळच्या त्या जाड तळव्यांच्या जोड्यांकडे. मग मान वर केली तर दारातून डोमाजी माझ्याकडे बघत होते. चष्म्यावरून. मी काय मोजत होतो ते त्यांना कळलं होतं, आणि ते काय वाचत होते ते मला. दोघांच्याही हातात एकमेकांची याद होती.  आतून पोपट म्हणाला, “आज कड़ी धूप है!”

डोमाजींनी पेन ड्राइव्ह उपसला आणि खिशात ठेवला.

“बराबर हाय,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “जसं लिवलं तसंच हाय. चला, पानं वाढा.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी लपवत नाही. पंगतीत मी त्यांना आग्रह करकरून चार धोंडे वाढले आणि प्रत्येकावर तूप. जेवणानंतर हात धुवायला आम्ही दोघंच मागच्या नळावर होतो. ते चूळ भरून, टॉवेलने तोंड पुसत सावकाश म्हणाले, “इवाई, याद म्हंजे अशीच असते. चार-पाच इंच इकडं, दहा-बारा जीबी तिकडं. आमचं खतबी पोत्यावर लिवलं तेवढं कधी असते का? पीक तं येते ना.”

“पीक उत्तम आहे,” मी म्हणालो. आणि ते मी मनापासून म्हणालो.

चारच्या सुमारास मंडळी निघाली. रोशनरावांनी जोडे घातले आणि पुन्हा पाच आठ झाले. कंप्युटर त्यांनी स्वतः उचलून गाडीत मागच्या सीटवर ठेवला, त्याला सीटचा पट्टा लावला. निळा स्टिकर उन्हात चमकत होता. कोकिळेने डब्याला हळदकुंकू लावलं. जाळीतून थोडं आत गेलंच. मी सुरभीच्या खिडकीशी गेलो. तिने काच खाली केली आणि हळूच म्हणाली, “बाबा, एवढे तीन दिवस काऊन वाळून राह्यले होते? आईनं सांगतलं मले सगळं. कंप्युटरमधी काय हाय थे मी फर्स्ट इयरलेच पाह्यलं होतं. तेच फुकटचं टूल.”

 मी पुढच्या सीटवर बसलेल्या जावयाच्या डोक्याकडे बघून आवाज आणखी खाली आणला. “आणि यांचं?”

“पाहाले आले होते तेव्हाच. चहा देतांना.”

“मग बोलली का नाहीस कधी?”

गाडी चालू झाली होती. सुरभी हसली.

“दोन्ही चांगले चालू होते ना, बाबा. चालू फाइल मी कायले उघडू?”